संकेतस्थळाची वाट कोणासाठी आखायची?

प्रत्येक नव्या ऑनलाइन सक्तीबरोबर मराठवाड्यात तोच वाद पुन्हा उभा राहतो. शेतकऱ्याचा फार्मर आयडी असो, ई-पीक पाहणी असो किंवा २०२५ मध्ये सुरू झालेली लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी असो, सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात आणि वर्तमानपत्रांपासून पारापर्यंत दोन तट पडतात. एक तट म्हणतो की खेड्यातल्या माणसाला हे जमणारे नाही, तेव्हा कागदाचा अर्ज परत आणा. दुसरा म्हणतो की जग पुढे गेले आहे, लोकांनीच आता शिकले पाहिजे, गावोगाव डिजिटल साक्षरतेची शिबिरे घ्या. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण समोरचे पान जसे आहे तसेच राहणार, हे दोघांनीही न बोलता मान्य केलेले असते. वास्तविक कोणता दुवा वर ठेवायचा आणि कोणता खाली, यादीत कोणते नाव आधी यावे, चूक झाली तर कोणता संदेश दिसावा, हे सारे कोणीतरी कोठेतरी बसून घेतलेले निर्णय असतात आणि निर्णय बदलता येतात. सार्वजनिक संकेतस्थळावर सामान्य माणूस वाट चुकत असेल, तर तो दोष आधी मांडणीचा मानला पाहिजे, अशी माझी भूमिका आहे. रस्त्याच्या फाट्यावर गावांच्या नावांचा फलक लावणे जसे बांधकाम खात्याचे काम आहे, तसे संकेतस्थळावरची वाट उघड करणे हे ते चालवणाऱ्याचे काम आहे.

कागद परत आणा म्हणणाऱ्यांची चीड खरी आहे, पण त्यांची आठवण अपुरी आहे. सातबाऱ्यासाठी सज्जावर जायचे, तलाठी तालुक्याला गेल्याचे कळायचे, पुन्हा यायचे आणि उतारा मिळाला तरी त्यावर सही कोणाच्या मर्जीने झाली हे सगळ्या गावाला ठाऊक असायचे, हा अनुभव इतक्या लवकर विसरण्यासारखा नाही. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. एका माणसाच्या उपस्थितीवरचे आणि मर्जीवरचे अवलंबन त्यामुळे तुटले. ही मिळकत लहान नाही. कागदाकडे परत जाणे म्हणजे ती हातची घालवणे होय. मात्र जे अवलंबन तलाठ्याच्या टेबलावरून उठले, तेच सेवा केंद्राच्या खुर्चीवर जाऊन बसले असेल, तर आपण नेमके काय मिळवले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक वजनदार आहे. कोणतेही नवे साधन थोडे शिकावेच लागते, बँकेचे एटीएम आले तेव्हाही लोक बिचकले होते आणि नंतर सरावले, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो खोटा नाही. परंतु परंड्याची किंवा औंढ्याची जी महिला व्हॉट्सॲपवर आवाजी संदेश पाठवते, यूट्यूबवर भारूड शोधते आणि किराणा दुकानात कोड स्कॅन करून पैसे देते, तिने या गोष्टी कोणत्या शिबिरात शिकल्या? तिच्या हातात तोच मोबाइल आहे, तीच बोटे आहेत आणि शाळाही तेवढीच झालेली आहे. मग एका पानावर चटकन पुढे जाणारी तीच व्यक्ती दुसऱ्या पानावर अडखळते, याचे कारण तिच्यात शोधायचे की त्या दोन पानांतल्या फरकात? येथे असा आक्षेप येईल की मोठ्या कंपन्यांकडे अमाप पैसा आहे, त्यांचे काम एकेरी आहे, तर शासनाला पात्रता तपासावी लागते, कागदपत्रे घ्यावी लागतात आणि फसवणूक रोखावी लागते. हा आक्षेप मी मान्य करतो. शासकीय अर्ज हा संदेश पाठवण्याइतका सोपा कधीच होणार नाही. पण नियमांची गुंतागुंत वेगळी आणि त्या नियमांपर्यंत पोहोचण्याच्या वाटेची गुंतागुंत वेगळी. पहिली काही अंशी अटळ आहे. दुसरी अटळ नाही, आणि आपल्याकडे तिला पहिलीच्या आड लपायला जागा मिळते.

या भूमीला हा वाद नवा नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या पश्चात महानुभाव पंथाचे आचार्यपद नागदेवाचार्यांकडे होते. पंथाची तत्त्वे संस्कृतात लिहिण्याचा विचार विद्वान शिष्यांपुढे आला तेव्हा नागदेवाचार्यांनी तो नाकारला, कारण तसे झाले तर स्वामींचा सामान्य परिवार वंचित राहील, असे त्यांचे म्हणणे होते. हा निर्णय बारकाईने पाहण्याजोगा आहे. संस्कृत ही त्या काळी प्रतिष्ठेची भाषा होती, विद्वानांना ती सोयीची होती आणि शिष्यांना ती शिकवणे अशक्यही नव्हते. तरीही आचार्यांनी परिवाराने बदलावे अशी अपेक्षा धरली नाही, त्यांनी ग्रंथाची घडण बदलली. पोहोचण्याचा भार वाचणाऱ्यावर टाकायचा की लिहिणाऱ्याने उचलायचा, या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर आपल्याच मातीत सातशे वर्षांपूर्वी दिले गेले आहे, आणि संकेतस्थळे बांधणाऱ्यांनी ते मनावर घ्यावे असे मला कळकळीने वाटते.

याच्या उलट घडले तर काय होते, हेही मराठवाड्याने भोगले आहे. निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत फारसीची जागा उर्दूने घेतली आणि कचेरीचे कामकाज तिच्यात चालू लागले. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याच जमिनीबद्दल काही मागायचे तर अर्ज लिहून देणारा माणूस गाठावा लागे. अर्जनवीस वाईट होता असे मी म्हणत नाही. अनेकांनी प्रामाणिकपणे लोकांची कामे केली असतील. मुद्दा असा की त्याची गरज कचेरीच्या पद्धतीने निर्माण केली होती आणि त्या गरजेची किंमत शेतकरी मोजत होता. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९६४ मध्ये महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम आला, आणि कचेरीची भाषा लोकांच्या भाषेकडे वळली. आजचा सेवा केंद्रचालक अनेक गावांत मोलाचे काम करतो, कित्येकदा रात्री उशिरापर्यंत सर्व्हर चालू होण्याची वाट पाहत बसतो. पण त्याचे खरे कौशल्य कोणते? कोणत्या विभागाचे काम कोणत्या मेनूच्या पोटात दडले आहे, हे त्याला पाठ आहे. हे ज्ञान पानावर उघड असते तर ते त्याच्याकडे विकत घ्यावे लागले नसते. शिवाय अर्जात मोबाइल क्रमांक केंद्रचालकाचा, पासवर्ड त्याने ठरवलेला, आणि लाभार्थ्याला स्वतःचा यूजर आयडीसुद्धा माहीत नाही, अशी उदाहरणे गावोगाव सापडतात. एका कुटुंबाची आधार, बँक आणि जमिनीची माहिती तिसऱ्याच्या संगणकात पडून राहते. सेवा केंद्रे राहावीत, वृद्धांसाठी आणि ज्यांना हवी त्यांच्यासाठी राहावीतच, पण तेथे जाणे ही निवड असली पाहिजे.

आता मांडणी म्हणजे नेमके काय बिघडते, याकडे येऊ. बहुतेक सार्वजनिक संकेतस्थळांची रचना विभागांच्या आकृतिबंधाप्रमाणे केलेली असते. कार्यालयात जशा शाखा, तसे पानावर मेनू. अंबडच्या किंवा केजच्या शेतकऱ्याच्या मनात प्रश्न एकच असतो, की माझ्या रानाला पाण्याची सोय कशी होईल. उत्तर मात्र अनेक दारांआड वाटलेले आहे. सिंचन विहीर हवी तर रोजगार हमी आणि पंचायत समिती, ठिबक हवे तर महाडीबीटी हे राज्याचे अनुदान-पोर्टल, सौर पंप हवा तर महावितरण, आणि गाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात असेल तर आणखी वेगळे पोर्टल. त्यातही महाडीबीटीच्या एकाच छताखाली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती आणि शेतकऱ्यांच्या योजना दोन्ही नांदतात. कोणती योजना कोणत्या खात्याच्या निधीतून येते हे नागरिकाला ठाऊक असण्याचे कारणच काय? ही विभागणी मंत्रालयाच्या हिशेबासाठी आवश्यक असेल, पण ती नागरिकाच्या माथी मारण्याचे काहीही प्रयोजन नाही. ब्रिटनने २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये आपली मुख्य सरकारी संकेतस्थळे एका ठिकाणी आणली, तेव्हा विभागांची नावे मागे ठेवली आणि लोकांची कामे पुढे केली: गाडीचा कर भरायचा आहे, पारपत्र काढायचे आहे, जन्माची नोंद करायची आहे. ब्रिटन श्रीमंत आहे, तेथे एका भाषेत बहुतांश काम भागते, हे खरे. परंतु कामाला धरून मांडणी करण्यासाठी श्रीमंती लागत नाही, खात्याचा अभिमान थोडा बाजूला ठेवावा लागतो.

ग्रंथालयांच्या इतिहासात याच प्रश्नाची एक शिकवण आहे. बंद कपाटांच्या ग्रंथालयात वाचक खिडकीपाशी उभा राहून पुस्तकाचे नाव सांगत असे आणि आतला माणूस ते आणून देत असे. ज्याला नाव माहीत नाही त्याच्यासाठी ते पुस्तक नव्हतेच. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तके वापरासाठी असतात, हा पहिला आणि वाचकाचा वेळ वाचवा, हा चौथा. खुल्या कपाटांचा आग्रह त्यांनी याच नियमांतून धरला. कपाटे खुली केली तर पुस्तके चोरीला जातील, क्रम बिघडेल, अशी भीती तेव्हाही घातली जात होती, आणि काही पुस्तके गेलीही असतील. तरीही जगभर ग्रंथालये खुली झाली, कारण जतन केलेले पण न सापडणारे पुस्तक कोणाच्याच कामाचे नसते.

आपल्याकडे माहिती 'उपलब्ध' करून देणे आणि ती सापडणे यांतले अंतर फार मोठे आहे. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध केल्याचे आणि त्याचा लांबलचक सांकेतांक काय आहे याचे वाक्य असते. ज्याच्याकडे तो सांकेतांक आहे त्याच्याकडे बहुधा तो निर्णयही असतो. ज्याला निर्णय शोधायचा आहे त्याला विभाग, दिनांक आणि शीर्षकातले नेमके शब्द माहीत असावे लागतात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये माहिती लोकांना सहज मिळेल अशा स्वरूपात आणि रीतीने प्रसृत करण्याचे बंधन २००५ पासून आहे. चाळीस पानांची तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ फाइल, जिच्यातला एकही शब्द शोधता येत नाही, ती या बंधनात बसते का? जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुराचीही तीच गत आहे. सगळ्या लिप्यांना एकच संकेतपद्धती देणारा युनिकोड येऊन तीन दशके उलटली, तरी त्या फाइलींतले मराठी संगणकाच्या लेखी निरर्थक चिन्हांची माळ असते. जुन्या नोंदी सापडण्याला किती मोल असते, हे २०२३ मध्ये सगळ्या मराठवाड्याने पाहिले. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी निजामकालीन दप्तरे उघडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणारे शोधावे लागले. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाची भूमिका काहीही असो, कागद दप्तरात असणे आणि तो संबंधित माणसाच्या हाती येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या निमित्ताने निर्विवादपणे दिसले. आज आपण जे अपलोड करतो आहोत, ते पन्नास वर्षांनी कोणाला सापडेल, याचा विचार आजच करायला हवा.

शोधाच्या खिडकीबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण येथे आपल्या प्रदेशाच्या अडचणी अगदी खास आहेत. गावाच्या नावात कोणी 'गाव' लिहितो, कोणी 'गांव', खुर्दचे 'खु.' होते, बुद्रुकचे 'बु.' किंवा 'बुII'. पिंपळगाव आणि वडगाव तर जवळजवळ प्रत्येक तालुक्यात आहे. रोमन लिपीत बीड दोन प्रकारे लिहिले जाते. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे अधिकृत झाली, त्यामुळे रोमन वर्णक्रमाने लावलेल्या यादीत 'ए'खाली सापडणारा जिल्हा 'सी'खाली गेला आणि 'ओ'खालचा 'डी'खाली आला. ज्या याद्या सुधारल्या नाहीत तेथे जुनीच नावे राहिली. मराठी बोलणाऱ्यांसाठीची जिल्ह्यांची यादी मुळात रोमन क्रमाने का लावावी? आणि शोधणाऱ्याने कोणतेही रूप लिहिले तरी योग्य गाव पुढे आणणे हे आजच्या संगणकाला अजिबात अवघड नाही. कामांच्या नावांबाबतही असेच आहे. माणूस म्हणतो, वडील वारले, वारस लावायचा आहे. पान म्हणते, गाव नमुना ६-क. दोन्ही नावे शेजारी-शेजारी लिहायला किती जागा लागते?

अर्जाच्या आत शिरल्यावर धोका वाढतो, कारण तेथे चुकल्याने हक्क जातो. 'कुटुंबातील कोणीही सरकारी नोकरीत नाही' अशा वाक्यापुढे 'होय' आणि 'नाही' असे दोन पर्याय ठेवले, तर आपल्या बोलण्याच्या रीतीप्रमाणे बहुतेक माणसे 'नाही' म्हणूनच त्याला दुजोरा देतील, आणि यंत्र त्याचा अर्थ उलटा घेईल. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत पती किंवा वडिलांच्या आधारची मागणी झाली, तेव्हा ज्यांचे दोघेही हयात नाहीत अशा महिलांची अडचण झाली आणि त्यांच्यासाठी वेगळी सोय नंतर करावी लागली. पान बनवताना अशी एक महिला जरी डोळ्यांपुढे असती तरी ही अडचण आधीच दिसली असती. पीकविम्यात स्थानिक आपत्तीच्या नुकसानीची सूचना ७२ तासांत देण्याची अट ज्या हंगामांत लागू होती, त्या हंगामांत पाण्यात उभ्या असलेल्या सोयाबीनसमोर, तुटक रेंजमध्ये, शेतकऱ्याला सूचनेचा पर्याय शोधावा लागत होता. अशा वेळी तो पर्याय पहिल्या पडद्यावर असणे ही सजावटीची बाब आहे का? अर्धा भरलेला अर्ज मागे जाताच पुसला जाणे, चूक झाल्यावर कोणत्या रकान्यात झाली हे न सांगता इंग्रजीत एक ओळ दाखवणे, अंध व्यक्तीपुढे केवळ चित्रातला कॅप्चा, म्हणजे पाहून टाइप करायची अक्षरे, ठेवणे, हे सगळे दोष ओळखीचे आहेत आणि दुरुस्त होण्यासारखे आहेत. शेवटच्या दोषाबद्दल तर कायदाच बोलतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम २०१६ चा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे ठरवले आहे.

सुलभतेविरुद्धचा सर्वांत सबळ आक्षेप शासनाकडून येत नाही, तो रोज वापरणाऱ्यांकडून येतो, आणि त्याला मी मनापासून मान देतो. ज्यांनी आहे त्या मांडणीची वाट पाठ केली आहे, त्यांचे काम नव्या मांडणीने एका रात्रीत अडते. केंद्रचालक, ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक, शिष्यवृत्तीचे अर्ज भरणारा महाविद्यालयाचा लिपिक यांचा वेग हीही सार्वजनिक संपत्तीच आहे. पुष्कळदा नूतनीकरणाच्या नावाखाली फक्त रंग बदलतात, सरकती चित्रे येतात, आणि जुने दुवे मेलेले आढळतात. असे नूतनीकरण नको, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. चांगला पत्ता बदलत नसतो, असे वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावले होते. म्हणून बदल करताना जुने पत्ते नव्या पानाकडे नेले पाहिजेत, जुनी वाट काही काळ चालू ठेवली पाहिजे आणि काय बदलले हे पहिल्याच पानावर मराठीत सांगितले पाहिजे. परंतु सरावलेल्यांच्या सवयीसाठी नवख्यांना कायमचे बाहेर ठेवणे हे न्याय्य नाही. सरावलेला माणूस नव्या वाटेलाही सरावतो. नवखा मात्र पहिल्याच दारावरून परत जातो, आणि त्याने तक्रारही केलेली नसल्यामुळे तो कोणत्याच आकडेवारीत दिसत नाही.

खर्चाचा मुद्दा उरतो. नियम आपल्याकडे आहेतच; भारत सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली, २०१८ आणि २०२३ मध्ये सुधारली गेली. नियम आहेत, पण बांधलेले पान खऱ्या माणसासमोर ठेवून पाहण्याची पद्धत नाही. ती महाग नाही. वापराच्या सोयीचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या जेकब नील्सन यांनी २००० मध्ये दाखवून दिले की पाच माणसांना शेजारी बसवून, त्यांना एक काम सांगून, मध्ये न बोलता नुसते पाहिले तरी बहुतेक ठळक दोष उघडे पडतात. हा खर्च वाचवून आपण काय करतो? दोष तसेच ठेवतो आणि त्यांची किंमत बुडालेल्या रोजगारातून, एसटीच्या तिकिटातून आणि केंद्राच्या शुल्कातून लोकांकडून वसूल होऊ देतो.

तेव्हा मागणी नेमकी असली पाहिजे. कोणत्याही सार्वजनिक संकेतस्थळाच्या निविदेतच अशी अट असावी की लोकांसोबतच्या चाचणीत ठरवलेली कामे मदतीशिवाय पूर्ण झाल्याखेरीज कंत्राटदाराला शेवटचा हप्ता मिळणार नाही, आणि त्या चाचणीचा अहवाल त्याच संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध होईल. पतसंस्था, बाजार समित्या, शेतकरी गट आणि गावांनी स्वतः चालवलेली संकेतस्थळे यांनाही ही पद्धत तितकीच लागू आहे. त्यांना तर निविदेचीही गरज नाही. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील विद्यापीठांच्या संगणकशास्त्र विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम द्यावे, आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत गावातच चाचण्या घ्याव्यात. चाचणीतली कामे रोजच्या जगण्यातली असावीत: सातबारा काढणे, वारसाचा अर्ज करणे, अडकलेल्या अनुदानाचे कारण शोधणे, अर्जातली चूक दुरुस्त करणे. ती मोबाइलवर आणि गावात मिळणाऱ्या रेंजमध्येच करून पाहावीत. बसवलेल्या पाच जणांत किमान एक जण असा असावा ज्याने ते संकेतस्थळ यापूर्वी कधीही उघडलेले नाही, आणि एक अंध किंवा मंददृष्टी व्यक्ती असावी.